ताराचंदच्या डबीतली हळद

ताराचंद पेंटरचा उजवा गाल बाराही महिने पांढरा असतो. नवख्या माणसाला वाटतं, पावडर लावतो. पावडर कसली, तो भिंतीला गाल लावतो. नवीन प्लास्टर झालेल्या घरात शिरला की चप्पल काढायची, पिशवी खाली ठेवायची, सरळ जाऊन भिंतीला गाल टेकवायचा आणि डोळे मिटायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं माणसाला चक्कर आली. पाणी आणायला धावले. परत येते तर हा दुसऱ्या भिंतीला टेकलेला. त्याची बायको दीपमाला मला नंतर म्हणाली की काकू, लग्नात हळद लागली तेव्हासुद्धा यांचा एक गाल पिवळा झाला होता आणि एक लाल.

मी जयवंता. एका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या आणि पोरांना धाकात ठेवलं. स्वभाव तापट आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही, माझं मलाच ऐकू येतं. आमचे हे, म्हणजे देवराव, त्याच्या अगदी उलट. घराला आग लागली तरी आधी चहा पिऊन घेतील. आम्ही दोघांनी मिळून मनीषनगरात घर बांधलं, आणि ठेकेदाराने दिवाळीला द्यायचं घर संक्रांत उलटल्यावर दिलं. तेही नुसतं प्लास्टर करून. वरून नीरू मारलेली होती, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत थर. दिसायला छान, पण रंग नाही. आणि बावीस फेब्रुवारीला त्याच हॉलमध्ये आमच्या लेकीचं, श्वेताचं साक्षगंध, साखरपुडा म्हणा.

आता कोणी म्हणेल, एखादं लॉन घ्यायचं. घेतलंच असतं. पण मुलाकडचे काटोलचे. अमोल स्वतः गरीब गाय, श्वेताच्याच ऑफिसात आहे, दोघांनी आपसात सगळं ठरवून टाकलेलं. पण त्याच्या घरात त्याच्या आजीचा, रुखमाबाईचा शब्द चालतो. ऐंशीच्या आहेत, संत्र्याच्या बागेत अजून स्वतः फिरतात. त्यांनी निरोप पाठवला की साक्षगंध पोरीच्या घरीच, मले घर पाह्याचं आहे.

या निरोपाने माझं पाणी पाणी झालं, त्याला कारण होतं. अमोलच्या मोठ्या भावाचं एक ठरलेलं लग्न या आजींनी मोडलं होतं. पोरीवाल्यांच्या घरी पोहे खात असताना छताचा पोपडा सुटला आणि बरोबर आजींच्या बशीत पडला. आजींनी बशी खाली ठेवली, उठल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या. झालं. हा किस्सा काटोलपासून इतवारीपर्यंत सगळ्यांना पाठ. श्वेताने मला तो सांगितला आणि म्हणाली, आई, मी आजवर तुला काही मागितलं नाही. एवढा हॉल नीट होऊ दे, आणि तू कोणाशी भांडू नको. दुसरी अट अवघड होती. पहिलीसाठी मी ताराचंदला बोलावलं.

त्याला बोलवायचं कारण, त्याच्या हातचा रंग सुटत नाही. सत्तावीस वर्षांत एकाही भिंतीने पोपडा धरला नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगतो, आणि खोटं नाही. रंगवलेल्या भिंतींची त्याला माया असते. रस्त्याने जाताना एखादं जुनं काम दिसलं की आत शिरून भिंतीवरून हात फिरवून येतो. एकदा कोणाच्या तेराव्याला गेला आणि गेलेल्या माणसाच्या फोटोला नमस्कार करायच्या आधी फोटोमागची भिंत कुरवाळली. घरच्यांना वाटलं, किती जीव होता याचा आबांवर.

तर हा आला, गाल लावला, चारी भिंती आणि घोडीवर चढून छतसुद्धा झालं. छताला गाल लावायचा म्हणजे मान किती वाकडी करावी लागते, तुम्हीच विचार करा. मग पिशवीतून स्टीलची एक डबी काढली. मला वाटलं तंबाखूचा खर्रा खातो की काय. डबीत हळद होती. बोट ओलं करून हळदीत बुडवलं आणि भिंतीवर एक रेघ ओढली. पिवळी रेघ बघता बघता लाल झाली.

"काकू, भिंत कच्ची आहे," तो म्हणाला. "चुना अजून जागा आहे आतमंधी. हळद पिवळी राहिली की मी ब्रश लावतो. तोपर्यंत मले चहा द्या फक्त."

किती दिवस, असं विचारलं तर म्हणे दोन महिने, अडीच महिने, भिंतीच्या मनावर आहे. मी म्हटलं बावीस तारीख माझ्या मनावर आहे. तो म्हणे, भिंतीले पत्रिका वाचता येत नाही काकू. असा राग आला की काय सांगू. आणि राग जास्त याचा, की तो म्हणत होता ते मला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला की लाल होतो, हे मी तीस वर्षं सहावीच्या पोरांना करून दाखवलं. चुना ओला आणि जागा असताना वरून रंग मारला की तो रंगाला खातो, फुगवतो आणि पोपडे करून खाली टाकतो. कोणाच्या बशीत टाकायचा, ते मात्र पुस्तकात दिलेलं नाही.

मग सुरू झाला रोजचा तमाशा. सकाळी आठला ताराचंद यायचा, गाल लावायचा, रेघ ओढायचा, "लाल" म्हणायचा, ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि जायचा. हॉलच्या भिंतींवर खालून वर नुसत्या लाल रेघा. दूधवाला दारातून डोकावून म्हणाला, काकू, तुमच्याकडे उंची मोजून राहिले का कोणाची.

मी भिंत वाळवायला घेतली. घरातले सगळे पंखे हॉलमध्ये लावले. श्वेताचं केस वाळवायचं यंत्र घेऊन मी दोन दिवस एकाच कोपऱ्यासमोर उभी राहिले, मशीन जळलं, कोपरा ओला तो ओलाच. मग सज्ज्यावरून कूलर उतरवला. पाणी न घालता चालवायचा, नुसता वारा मारायला, असं देवरावांना बजावून मी इतवारीच्या बाजारात पाहुण्यांसाठी स्टीलची ताटं घ्यायला गेले. चार तासांनी परत आले तर हॉलमध्ये थंडगार सुगंधी हवा. यांनी टाकी काठोकाठ भरली होती, वर वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या होत्या. मी पाहत राहिले. ते म्हणाले, अगं कोरडा चालवला तर मोटर जळते. दुसऱ्या दिवशी ताराचंदची रेघ ओढल्या ओढल्या लाल झाली, थांबावंसुद्धा लागलं नाही. तो कौतुकाने म्हणाला, काकू, ही भिंत तर उलटी चालून राहिली.

बारा फेब्रुवारी उजाडली. दहा दिवस उरले. श्वेता येता जाता भिंतीकडे बघायची आणि ओठ चावायची. पोरीचं तोंड असं झालेलं मला बघवेना. दुसरा पेंटर आणावा, हे मनात आलं, दोघांनी तर उद्याच येतो म्हणून फोनही केले. पण मला ताराचंदच्याच हातचा रंग पाहिजे होता, कारण त्याच्या हातचा सुटत नाही. तो न सुटण्यात हाताचा वाटा किती आणि थांबण्याचा किती, एवढा विचार रागात होत नाही माणसाचा.

तेरा तारखेला तो ओट्यावर चहा पीत असताना मी त्याची डबी उचलली. हळद ओतून घेतली आणि डबीत बेसन भरलं, चिमूटभर जिलबीचा पिवळा रंग मिसळून. बेसन लाल होत नाही. चुन्यावर तर उलट जास्तच पिवळं दिसतं. तीस वर्षांचं विज्ञान मी सत्कारणी लावलं.

चौदाला सकाळी त्याने रेघ ओढली. पिवळी. दुसऱ्या भिंतीवर, पिवळी. घोडीवर चढून छतावर ओढली, तीही पिवळी. तो खाली उतरला, परत गाल लावला, बराच वेळ लावून ठेवला. मी सुपात तांदूळ घेऊन निवडायचं नाटक करत होते.

"गाल म्हणते ओली आहे," तो म्हणाला, "आन हळद म्हणते पक्की. गाल माझा आहे काकू, चुकू शकते. हळद नाही चुकत."

आणि स्वतःच्या गालाला खोटं पाडून तो कामाला लागला. मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण श्वेता आतून येऊन इतकी गोड हसली की मी गप्प बसले ते बसलेच.

काम मात्र त्याने असं केलं की बघत राहावं. पत्तीने भिंतीवरचे थेंब खरडले, पॉलिश पेपरने घासून नुसती रेशीम केली, फडक्याने पुसली. कागदाची टोपी घालून आधी छत, मग भिंती. पहिला हात प्रायमरचा, मग डिस्टेंपरचे दोन हात, फिकट मोसंबी रंगाचे. कोपऱ्यात ब्रश असा फिरवायचा की रेघ दोरीने आखल्यासारखी. शेवटच्या दिवशी हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणाला, काकू, आजीले सांगा निवांत पोहे खा म्हणा. मी त्याला साक्षगंधाचं आमंत्रण दिलं. दुसरं काय देणार होते त्याला, अपराध्यासारखं झालं होतं.

बावीसला काटोलची मंडळी दोन पेट्या संत्री घेऊन आली. रुखमाबाई मधोमध बसल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आणि नजर सरळ वर, छताकडे. पोह्यांची बशी हातात घेतली आणि वरून दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरून खायला लागल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि नाही बघत असं दाखवत होते. ताराचंद इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळ उभा होता, गाल पांढराच. बशी रिकामी झाली. काही पडलं नाही. श्वेताने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी वाढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बांगडीमुळे नाही.

तेवढ्यात आजी म्हणाल्या की वाटीत ओली हळद आणा. पोरगी पसंत पडली की तिच्या घरच्या भिंतीवर पोराकडच्या म्हाताऱ्या बाईनं हळदीचा हात उठवायचा, ही आमच्या घरची रीत आहे.

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. एका हातात हळदीचा डबा घेतला, दुसऱ्या हातात बेसनाचा, आणि उभी राहिले. शेवटी हळद खाली ठेवली. बेसन वाटीत काढलं, जिलबीच्या रंगाची पुडी फोडली, पाणी घातलं, कालवलं. मागे वळले तर दारात ताराचंद. पाणी प्यायला आला होता. त्याने वाटीकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप खिशातल्या डबीवर गेला. डबी उघडून त्याने बोट घातलं आणि जिभेला लावलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

"आजीच्या हाताले तरी खरी हळद द्या, काकू," एवढंच म्हणाला, आणि पाणी न पिता बाहेर गेला.

मी वाटी मोरीत उपडी केली.  खरी हळद कालवून नेली. आजींनी उजवा पंजा वाटीत बुडवला आणि देवाच्या कोनाड्याशेजारी नव्या मोसंबी भिंतीवर दाबला. पिवळाधमक उठला. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. आणि मग तो हात अंगठ्यापासून लाल व्हायला लागला. चुना रंगातून वर आला होता. करंगळीपर्यंत लाल झाला तशा टाळ्या थांबल्या.

कोणीतरी मागून कुजबुजलं की अपशकुन. आजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी अंगठ्याच्या नखाने भिंत खरवडली. बोटभर पोपडा सुटून त्यांच्या तळहातावर आला.

"भिंत कच्ची हाय," त्या म्हणाल्या. "कोनं रंगवली?"

ताराचंद दारातून पुढे आला. मी रंगवली, म्हणाला. आजींनी त्याला जे धुतलं ते सगळं मी लिहीत नाही. एवढं वय झालं, अक्कल नाही आली, गवंड्याच्या घरची सून आहे मी, मले हळद कळते, चार पैशासाठी कच्च्या भिंतीले रंग फासतो का गा. तो खाली मान घालून उभा. सत्तावीस वर्षांचं नाव माझ्या हॉलमध्ये, पन्नास लोकांसमोर मातीत चाललं होतं, आणि तो एक शब्द बोलत नव्हता. फक्त हात मागे नेऊन भिंतीला लावलेला होता, आजारी माणसाला लावावा तसा.

श्वेता माझ्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होती, गप्प राहा. मला तिचं सगळं कळत होतं. मी बोलले तर हिचं लग्न मोडणार. पण आतून असा संताप आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावरच आला.

"बेसन होतं," मी म्हणाले. कोणाला कळलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "त्याच्या डबीत मी बेसन भरलं. तो नाही म्हणत होता, रोज नाही म्हणत होता. पोपडा तुमच्या बशीत पडेल म्हणून भीती वाटत होती, आणि कोरी भिंतही तुम्हाला दाखवायची नव्हती. त्याला बोलू नका. मला बोला."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ बघत राहिल्या की देवराव घाईघाईने म्हणाले, चहा ठेवू का. 

"बेसनात रंग कोनता टाकला वं?" आजींनी विचारलं.

"जिलबीचा."

आजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. बोळक्या तोंडाने, आवाज न करता, डोळे पुसत. अमोल घाबरून त्यांना धरायला गेला तर त्याचा हात झटकला आणि मला जवळ बोलावून खाली बसवलं.

"लोकं सांगतात, रुखमीनं पोपडा पडला म्हनून लग्न मोडलं," त्या म्हणाल्या. "पोपडा काय, माह्याही घरी पडते. मी बोटानं काढून बाजूले ठेवला, तं पोरीची माय म्हने, आजी, खोबरं हाय, खाऊन घ्या. मले खोबरं म्हनून चुना खाऊ घालून राहिली होती वं ते. म्हनून उठली मी." मग ताराचंदकडे वळून म्हणाल्या, "तू काहून नाही बोलला गा, बेसन होतं म्हनून?"

तो म्हणाला, काकूच्या पोरीचं साक्षगंध होतं, आजी.

आजींनी हात पुसले, श्वेताला पुढे घेतलं आणि साक्षगंध उरकलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की लग्नाची तारीख पंडित काढणार नाही, हा पेंटर काढेल. भिंत पिवळी झाली की लग्न.

दुसऱ्याच दिवशी ताराचंदने सगळा रंग खरडून काढला, छतासकट. मी त्याच्यासमोर हात जोडले तर म्हणाला, काकू, हात नोका जोडू, घोडी धरा. मग दीड महिना पुन्हा तेच. सकाळी आठला गाल, रेघ, "लाल", आणि त्यानंतर काटोलला फोन. अमोल ऑफिसला जायच्या आधी येऊन आमच्या भिंतीला पंखा लावून जायचा. श्वेता भिंतीशी गोड बोलायची. देवरावांना कूलरच्या चार फूट जवळ जायची बंदी होती, ते लांबूनच मोटरची काळजी करायचे. मार्च सरला, ऊन तापलं, रेघा लालच्या नारिंगी झाल्या.  डबी तो आता शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा, आणि रोज रेघ ओढायच्या आधी माझ्याकडे बघत बघत चिमूटभर जिभेवर टाकायचा. मी रोज मान खाली घालायची.

एप्रिलच्या नऊ तारखेला त्याने रेघ ओढली आणि त्याच्यासकट आम्ही चौघं तिच्याकडे बघत उभे राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रेघ पिवळी. छतावरची पिवळी. ताराचंदने गाल लावला, डोळे मिटले, आणि हसला. श्वेता रडायला लागली, तिचं पाहून मी, आणि आमचं पाहून देवराव चहा ठेवायला गेले.

ताराचंदने काटोलला फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. आजी, पिवळी आहे, म्हणाला.



"आधी चाखली का गा?" आजींनी विचारलं.

"चाखली आजी. कडू लागली."

"मंग लावा तारीख," आजी म्हणाल्या.